पोळ्याचं आवतण

प्रिय मनू,

परवा मैत्रिणीकडे थँक्सगिव्हिंगचं जेवून आलीस आणि गाडीत विचारलंस, "बाबा, त्यांच्याकडे जेवायच्या आधी प्रत्येकाने आपण कशासाठी थँकफुल आहोत ते सांगितलं. आपल्याकडे सणाला असं कोणीच का बोलत नाही? आजीला थँक्यू म्हटलं तर ती हसतेच." उत्तर द्यायच्या आत तू झोपलीस, म्हणून हे लिहून ठेवतोय. मराठी वाचायचा सरावही होईल, अडलं तर आईला विचार.

आपल्याकडे बोलत नाहीत हे खरं आहे. घरच्याच माणसाचे आभार मानले तर त्याला वाटतं, मला परकं केलं. पण केलेल्याची जाण ठेवायची रीत आपल्याकडेही आहे. ती पंगतीत दिसते, कोणाला आधी वाढलं जातं त्यात. सणाच्या दिवशी पहिलं पान देवाला, मग गाईचा घास, मग घरातली माणसं. जेवण झालं की आजोबा हात धुवायला उठता उठता 'अन्नदाता सुखी भव' म्हणतात, ते तू ऐकलंच आहेस. त्यात शेतकरी आला, रांधणारी आली, वाढणारा आला. एवढ्यावर रोजचं भागतं.

पण याच कामासाठी एक अख्खा सण आहे आणि तो तू अजून पाहिलेला नाहीस, कारण आपण नेहमी डिसेंबरात गावी जातो. पोळा. श्रावणातल्या अमावास्येला येतो, म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरात. कोल्हापूर-सांगलीकडे असाच बेंदूर आषाढात करतात. आपलं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कापसाच्या मुलखातलं, त्यामुळे आपला पोळाच.

आदल्या संध्याकाळी बैलांना नाल्यावर नेऊन धुतात. मग खांद शेकायची. जू ठेवून ठेवून बैलाच्या मानेवर घट्टा पडलेला असतो, कातडी जाड आणि काळी झालेली. तिथे हळद आणि कोमट तूप घेऊन हाताने चोळत बसायचं. तूप महाग म्हणून बरेच जण तेलावर भागवतात, पण हात मात्र तितकाच वेळ चालला पाहिजे. बैल आधी अंग आखडून घेतो, मग हळूहळू मान खाली सोडतो. त्याच वेळी त्याच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." लग्नाला पाहुण्याला बोलावतात तसं, अहोजाहो करून. एरवी त्याच बैलाला दिवसभर शिव्या घालणारा माणूसही त्या संध्याकाळी अहोजाहो करतो, हे मला लहानपणी फार गमतीचं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, कितीही काम अडलेलं असो. नवी वेसण, नवा कासरा, शिंगांना रंग आणि बेगड, अंगावर गेरूचे ठिपके, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग. बैल सांभाळणाऱ्या गड्याला नवे कपडे. दुपारनंतर गावच्या सगळ्या जोड्या तोरणाखाली उभ्या राहतात आणि झडत्या सुरू होतात. झडती म्हणजे मोठ्याने म्हणायचं यमकाचं कवन. त्यात महादेव-पार्वतीही येतात आणि कापसाचा भाव, पुढारी, गावातला कंजूष सावकार, यांचीही हजेरी घेतली जाते. शेवटी हर हर महादेव. मानकऱ्याची जोडी पुढे झाली की पोळा फुटला. मग बैल दारोदार जातात, घरची बाई त्यांच्या पायांवर पाणी घालते, ओवाळते आणि पुरणपोळी खाऊ घालते. घरच्यांची पानं त्यानंतर.

आता यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. तुझं थँक्सगिव्हिंग मुळात सुगीनंतरचं. तुम्हाला शाळेत सांगतात ती १६२१ची, प्लिमथच्या इंग्रज वसाहतीतली मेजवानी पीक घरात आल्यावरची होती आणि तिथले मूळ रहिवासी, वाम्पानोआग लोकही त्या जेवणाला होते. (१९७० पासून अनेक मूळ रहिवासी त्याच दिवशी प्लिमथला जमून शोक पाळतात. हे मैत्रिणीच्या घरी टर्की कापताना काढू नकोस, पण माहीत असू दे.) पुढे अध्यक्ष लिंकनने १८६३ साली, अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, हा दिवस देशभर पाळायला सांगितला. नोव्हेंबरमध्ये, म्हणजे कणगी भरल्यावर.

पोळ्याला कणगी रिकामी असते. पेरणी झालेली, डवरणी (बैल जुंपून पिकातलं तण काढणं) आटोपत आलेली, कपाशी कमरेला लागते म्हणून बैलाला आता पिकाच्या ओळींत घालता येत नाही. त्याचं मोठं काम संपलंय, पण कापूस घरात यायला दसरा-दिवाळी उजाडते. मधे पाऊस दगा देईल, बोंडअळी पडेल, भाव कोसळेल. आपल्या भागात यातलं काय काय होतं ते तू मोठी झालीस की सांगेन. तरी पोळा होतोच, उधारीवर का होईना. पीक आलं तर बैलाचा मान आणि बुडालं तर नाही, असा हिशेब कोणी करत नाही. त्याने ओढलं ना, मग त्याचं जेवण त्याला मिळालं पाहिजे. आता पुष्कळ घरी बैल राहिले नाहीत, ट्रॅक्टरलाच हार घालतात. ट्रॅक्टरला पुरणपोळी भरवता येत नाही हा भाग वेगळा.

हे सगळं मी कौतुकाने सांगतोय, पण एक गोष्ट मला पटत नाही आणि तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. जो राबला त्याने आधी जेवावं, हा नियम बैलाला लागू, गड्याला लागू. मग रांधणारीला का नाही? पोळ्याच्या दिवशी आजी पहाटे उठून हरभऱ्याची डाळ शिजत घालायची, कट काढायचा, गूळ घालून आटवायचं, पाट्यावर वाटायचं, वर कढी आणि वडे. बैल जेवले, गडी जेवले, मुलं जेवली, आम्ही बापे जेवलो की मग बायकांची पंगत बसायची, उन्हं कलल्यावर, गार पोळ्यांवर. त्यांना आवतण कोणी देत नसे. तुझ्या मैत्रिणीच्या बाबांनी सगळ्यांसमोर तिच्या आईचं नाव घेऊन आभार मानले असं तू सांगितलंस. ते आपण बेलाशक उचलावं. आजीला थँक्यू म्हणत राहा. हसते, हसू दे. नंतर फोनवर मावशीला तेच दोनदा सांगते, मी ऐकलंय.

तर येत्या पोळ्याला आपल्या घरी असं करू. आदल्या दिवशी आईला तू आवतण द्यायचं, नीट अहोजाहो करून. पुरण मी करतो, लाटायला तू. पोळ्या फाटतील, फाटू देत. पहिलं पान तिचं.

आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, तो खास मुलांचा. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून मुलं घरोघर नेतात आणि मोठी माणसं त्यांना बोजारा देतात, म्हणजे पैसे किंवा खाऊ. नागपूरहून आणलेला बैल बेसमेंटमधल्या खोक्यात आहे, एक चाक निघालंय, ते मी बसवून देतो. बोजारा डॉलरमध्ये हवा असेल तर मात्र आधी एक झडती पाठ पाहिजे. ती आजीकडून घे, माझी अर्धीच लक्षात आहे आणि त्या अर्ध्यातही एक शिवी आहे.

तुझा,
बाबा