अॅम्स्टलवीनला निघण्याआधी सोलापुरात उरकायची कामं

तुम्ही विचारलंय: नोकरी अॅमस्टरडॅमला, बरोबर वहिनी, आठ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा, तर शहरात राहावं की त्याला लागून असलेल्या अॅम्स्टलवीनला? अॅम्स्टलवीनलाच राहा. 25 नंबरची ट्राम अॅमस्टरडॅम झाउद स्टेशनला सोडते, तिथून 52 नंबरची मेट्रो थेट सेंट्रलला जाते. पोरांना हुंदडायला अॅमस्टरडॅमसे बॉस हे भलंमोठं उद्यान शेजारीच आहे आणि तूरडाळीसाठी शहर गाठावं लागत नाही. घोडं अडतं ते कागदांवर, आणि त्यातले निम्मे कागद सोलापुरातच करून घ्यावे लागतात.

चौघांचे जन्मदाखले आणि तुमचा विवाहाचा दाखला लागेल. महापालिकेतून मराठी-इंग्रजी संगणकीय दाखले नव्याने काढा. जुन्या दाखल्यांत पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, नुसतं लिंग आणि आईवडील. आधी नाव चढवून घ्या. स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवा. वडिलांचं नाव एकीकडे आहे, दुसरीकडे नाही. वहिनींचं आडनाव एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं. अशाने नोंदणी लटकते. मग मंत्रालयातून राज्याचं साक्षांकन आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का. दाखला इंग्रजीत असेल तर डच भाषांतर लागत नाही. हे नेदरलँड्सला येऊन करायचं म्हटलं तर मूळ कागद परत भारतात धाडावे लागतात.

आता घर. जाहिरातीत पहिल्यांदा एकच पाहा: त्या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी करता येते का? राहायला आल्यावर पाच दिवसांत नोंदणी करायची असते आणि तिथूनच बीएसएन हा नागरिक क्रमांक मिळतो. पगार, बँक, विमा, सगळं त्या नंबराला बांधलेलं. 'नोंदणी नाही' म्हणणारं घर कितीही स्वस्त असो, सोडा. कुशल स्थलांतरित म्हणून येत असाल तर 'इन अॅमस्टरडॅम' या परदेशातून येणाऱ्यांसाठीच्या केंद्रात राहण्याचा परवाना आणि नोंदणी एकाच भेटीत होऊ शकते. वेळ तिकिटाआधी घ्या.

भाड्याच्या जाहिरातीत 'काल' (kaal) हा डच शब्द असेल तर घर खरोखर उघडं मिळतं: फरशीवरचं आच्छादन नाही, पडदे नाहीत, कधी दिवेही नाहीत. 'खेस्टोफेर्ड' (gestoffeerd) म्हणजे आच्छादन आणि पडदे आहेत, फर्निचर तुमचं. पहिल्या वर्षी हेच बरं पडतं. जुलै 2023 नंतरच्या करारात अनामत दोन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. घर न पाहता, किल्ली हातात नसताना कुणी आगाऊ पैसे मागितले, तर तो ठगच समजा. बहुतेक घरमालक भाड्याच्या तिप्पट तरी कर कापण्याआधीचा पगार बघतात, त्यामुळे कंपनीचं पत्र जवळ ठेवा.

मुलांचं सोपं आहे. मुलगा चार वर्षांचा झाला की शाळेत जाऊ शकतो, पाचनंतर सक्तीच. सरकारी अनुदानाच्या शाळांना फी नाही, फक्त ऐच्छिक वर्गणी. मुलीला डच येत नसल्याने आधी नवागतांच्या वर्गात बसवतील, साधारण वर्षभर. तीन-चार वर्षांत परत यायचं नक्की असेल तरच आंतरराष्ट्रीय शाळेचा विचार करा; खासगीची फी डोळे पांढरे करते. बुधवारी दुपारी बऱ्याच शाळा लवकर सुटतात, तेव्हा दोघंही नोकरी करणार असाल तर शाळेनंतरच्या पाळणाघरात नाव आधी घाला.

आरोग्य विमा आल्यापासून चार महिन्यांच्या आत घ्यायचा. उशिरा घेतला तरी हप्ता पहिल्या दिवसापासून लागतो. अठराखालच्या मुलांना हप्ता नाही. मोठ्यांना उपचाराच्या खर्चातले वर्षाला पहिले 385 युरो स्वतःच्या खिशातून, पण फॅमिली डॉक्टरची भेट त्यात धरत नाहीत. आल्या आल्या जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवा, कारण बरेच दवाखाने नवे रुग्ण घेत नाहीत. साध्या तापाला पॅरासिटामॉलवरच बोळवण होते, त्याची सवय करा.

सामानात अॅल्युमिनियमचा कुकर नको, इंडक्शनवर तो तापतच नाही. स्टीलचा, इंडक्शन तळाचा आणा. भाकरीचा तवा लोखंडी पण सपाट बुडाचा. मिक्सर चालेल, व्होल्टेज सारखंच आहे, मात्र आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही. तूप, पेढे, खवा बॅगेत घालू नका: दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ताही नको. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बिनधास्त भरा.