कौल कोण लावतो, कौल कोण देतो

एका वाचकाचा प्रश्न आहे : ‘स्वित्झर्लंडमध्ये नागरिक स्वतः कायदा सुचवतात आणि त्यावर थेट मतदान करतात. याला मराठीत जनमत चाचणी म्हणावे की सार्वमत?’

जनमत चाचणी तर मुळीच नाही. २०१६ साली ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याबाबत मतदान घेतले, तेव्हा ‘ब्रिटनमधील जनमत चाचणी’ हे शब्द ऐकून ऐकून कान किटले होते. चाचणी म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. हजार-दोन हजार लोकांना विचारायचे आणि सगळ्या देशाचा अंदाज बांधायचा. जिथे प्रत्येक मतदाराला मतपत्रिका मिळते, तिथे चाचणी कसली?

मग सार्वमत? अर्धे बरोबर. प्रश्नात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. स्विस संसदेने केलेला कायदा पसंत नसेल, तर १०० दिवसांत ५०,००० सह्या जमवून तो लोकांपुढे आणता येतो. हे सार्वमत, १८७४ पासूनचे. लोकांनी स्वतःहून प्रस्ताव मांडायचा तर १८ महिन्यांत १ लाख सह्या लागतात. हा अधिकार आजच्या रूपात १८९१ चा. शिवाय देशपातळीवर असा प्रस्ताव राज्यघटनेत दुरुस्ती सुचवतो, साधा कायदा नव्हे. साधा कायदाही सह्यांच्या बळावर मतदानाला न्यायचा असेल तर कॅलिफोर्नियात जा, तिथे १९११ पासून ती सोय आहे.

या दुसऱ्या प्रकाराला पाठ्यपुस्तके ‘उपक्रम’ किंवा ‘जनोपक्रम’ म्हणतात. उपक्रम म्हणजे आरंभ, हे संस्कृतात ठीक. पण आज उपक्रम म्हटले की वृक्षारोपण आणि रक्तदान शिबिर डोळ्यांपुढे येते. परिभाषा घडवणाऱ्यांनी कोश उघडले, कान उघडले नाहीत. ‘लोकप्रस्ताव’ म्हणा, कुणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

पण या सगळ्यात आपल्याकडचा खरा शब्द कुणी विचारातच घेत नाही : कौल. अरबी ‘कौल’ म्हणजे बोल, दिलेला शब्द. (कव्वालीही याच घरातली.) मराठी कागदपत्रांत कौल द्यायचा तो सरकारने. पडीक जमीन लागवडीला आणा, इतकी वर्षे सारा हलका ठेवू, असे अभयाचे वचन म्हणजे कौल. रयत त्याच्या बदल्यात कबुलायत लिहून देई. म्हणून ‘कौल-कबुलायत’ अशी जोडी. आता आपण काय म्हणतो? ‘जनतेने कौल दिला.’ देणारा आणि घेणारा यांनी जागा बदलल्या! राज्यशास्त्राच्या ग्रंथांना जे सांगायला प्रकरणेच्या प्रकरणे लागतात, ते या शब्दाने गुपचूप करून टाकले.

माझा कयास असा की ही उलटापालट देवळाच्या वाटेने झाली. देवाला कौल लावतात, देव कौल देतो. लावणारा एक, देणारा दुसरा. जनता देवाच्या जागी बसली आणि नेते कौल लावू लागले. एक विद्वान मला म्हणाले, ही नुसती कविकल्पना. असेल. पण मग इंग्रजी ‘व्होट’ कुठून आला ते पाहा : लॅटिन ‘व्होटम’, म्हणजे चक्क नवस. तिथे देवाचा शब्द मतपेटीत गेलेला चालतो आणि मराठीत मात्र ती कविकल्पना?

लावणे आणि देणे हा भेद धरला की व्याख्या पाठ कराव्या लागत नाहीत. सरकार प्रश्न विचारते तेव्हा सरकार कौल लावते आणि लोक देतात. लोकप्रस्तावात कौल लावणारेही लोक आणि देणारेही लोकच.

चाचणीवाले आता गोव्याचा दाखला काढतील. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी तिथे मतदान झाले. त्याचे अधिकृत इंग्रजी नाव ‘ओपिनियन पोल’ होते, हे खरे. शब्दशः भाषांतर केले तर जनमत चाचणीच होते. पण फूल आणि दोन पाने या चिन्हांवर शिक्के मारून आलेल्या लोकांच्या बोलण्यात काय रुळले? जनमत कौल. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मतांनी विलीनीकरण फेटाळले गेले, त्याला चाचणी म्हणायला जीभ रेटत नाही.

राहता राहिले छपरावरचे कौल. कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो : तो शब्द निराळा. लिंगावरून ओळखावा. मतपेटीतला तो कौल, छपरावरचे ते कौल.