डबल-क्लिक केलं, तर काहीच होत नाही

प्रश्न : माझा संगणक जुना झाला म्हणून मुलीने त्यावरचं विंडोज काढून लिनक्स टाकून दिलं. संगणक पळायला लागला, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझा हिशेबाचा प्रोग्राम विंडोजचा आहे आणि तो बनवणाऱ्याने धंदा केव्हाच गुंडाळला. सीडी आहे, परवान्याचा क्रमांकही आहे. सेटअपवर डबल-क्लिक केलं, तर काहीच होत नाही. मुलगी म्हणते, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाइन टाका. एक ओळखीचे म्हणतात, ते इम्युलेटर आहे, सगळं रखडत चालेल. कोणाचं ऐकू? प्रोग्राम उघडताना यूएसबीत एक किल्ली लावावी लागते, तेही सांगून ठेवतो.

उत्तर : मुलीचं ऐका. पण पत्रातलं शेवटचं वाक्य आधी तिला वाचून दाखवा, ग्यानबाची मेख तिथेच आहे.

ओळखीच्यांचा गैरसमज आधी काढू. 'वाइन इज नॉट ॲन इम्युलेटर' या वाक्याच्या आद्याक्षरांतूनच वाइन हे नाव जुळवलंय. इम्युलेटर म्हणजे एका प्रोसेसरने दुसऱ्याचं सोंग वठवणं. त्यात परक्या आज्ञा उलगडून घ्याव्या लागतात, म्हणून वेळ जातो. तुमच्याकडे प्रोसेसर तोच आहे, सोंगाचा प्रश्नच नाही. बेरीज-वजाबाकी तो पूर्वीच्याच वेगाने करणार. अडतं ते दोन ठिकाणी. एक, फाइलची बांधणी : विंडोजची पीई, लिनक्सची ईएलएफ. दुसरं जास्त महत्त्वाचं. फाइल उघडायची, पडद्यावर खिडकी काढायची, कागद छापायचा, यातलं काहीही प्रोग्राम स्वतः करत नाही. तो विंडोजला हाक मारतो. लिनक्सवर त्या हाकेला ओ देणारं कोणी नसतं. वाइन ओ देतं. 'क्रिएटफाइल' अशी हाक आली की लिनक्सच्या पद्धतीने फाइल उघडून प्रोग्रामच्या हातात ठेवतं. आपण परक्या घरात आहोत, हे प्रोग्रामला सहसा कळत नाही.

ऐकायला सोपं वाटतं, पण अशा हाका हजारोंनी आहेत आणि त्यातल्या कित्येकींच्या खोडी कुठे लिहिलेल्याही नाहीत. वाइनचं काम १९९३ मध्ये सुरू झालं, १९९४ पासून आलेक्झांद्र ज्युलियार या प्रोग्रामरने ते हाती घेतलं, आणि १.० ही आवृत्ती निघायला २००८ साल उजाडलं. पंधरा वर्षं! (तोवर आम्ही ०.९ च्या पुढचे आकडे मोजत बसलो होतो.) पुढे संगणकावरच्या खेळांनी या कामाला वेग दिला. व्हॉल्व्ह या खेळांच्या कंपनीने २०१८ मध्ये वाइनवर बेतलेलं प्रोटॉन आणलं आणि विंडोजचे खेळ लिनक्सवर सर्रास चालू लागले. तुमच्या-माझ्या खतावणीला त्याचा फायदा थोडाच, पण झालाय.

आता माझा अनुभव. घरातल्या पुस्तकांची सूची मी १९९९ सालच्या एका छोट्या प्रोग्राममध्ये ठेवतो. नव्या ६४ बिटच्या विंडोजवर तो बसेचना, कारण प्रोग्राम ३२ बिटचा असला तरी त्याचा सेटअप १६ बिटचा, आणि ६४ बिटच्या विंडोजने १६ बिटशी संबंधच तोडलाय. वाइनमध्ये तोच सेटअप मुकाट्याने चालला. छापताना मात्र रकाने सरकले, लेखकाचं नाव किमतीवर चढलं. चूक प्रोग्रामची नव्हती, अक्षरांची होती. एरियल फॉन्ट नव्हता, म्हणून वाइनने वेगळ्याच रुंदीचा दुसरा घेतला होता. वाइनला लागणाऱ्या गोष्टी बसवून देणाऱ्या विनट्रिक्समधून 'कोअरफॉन्ट्स' हा फॉन्टचा संच टाकला आणि रकाने जागेवर आले.

दुसरी गंमत माझ्या अंगाशी आली. वाइन तुमच्या होम फोल्डरमध्ये 'डॉट वाइन' नावाचा लपलेला फोल्डर करतं. सी ड्राइव्ह त्यातच, रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगांची नोंदवहीही त्यातच, साध्या मजकुराच्या फाइलींत. बिघडलं की फोल्डर पुसा आणि पुन्हा सुरू करा, असं जो तो सांगतो. मीही पुसला. सूचीची फाइलही सी ड्राइव्हमध्येच होती, हे पुसल्यावर आठवलं. तीनशे पुस्तकं पुन्हा हाताने भरली. तेव्हा हिशेबाची फाइल बाहेर ठेवा. आणि वाइन म्हणजे कुंपण नव्हे : त्यातला झेड ड्राइव्ह म्हणजे तुमचा अख्खा लिनक्स. विंडोजचा व्हायरस वाइनमध्ये चालला, तर तुमच्या कागदपत्रांपर्यंत पोहोचू शकतो.

आता तुमची किल्ली. अशा किल्लीला बहुतेक वेळा विंडोजच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) बसणारा ड्रायव्हर, म्हणजे उपकरणाशी बोलणारा छोटा प्रोग्राम, लागतो. वाइन प्रोग्रामच्या हाकांना उत्तर देतं, पण त्याच्याकडे विंडोजचा गाभाच नाही. ड्रायव्हर बसवायचा कुठे? त्यामुळे सेटअप होईल, चित्र उमटेल आणि मग 'किल्ली सापडली नाही' अशी पाटी येईल, असा माझा अंदाज आहे. तरी एकदा करून पाहा, अर्ध्या तासाचं काम आहे.

नाही जमलं तर व्हर्च्युअलबॉक्स. त्यात खरंखुरं विंडोज एका खिडकीत चालतं आणि यूएसबीतली किल्ली थेट त्याच्या हवाली करता येते. लिनक्समध्ये आधी स्वतःला 'व्हीबॉक्सयूजर्स' गटात घालून पुन्हा लॉगिन करा. हे राहिलं की यूएसबीची यादी रिकामी दिसते आणि माणूस किल्लीलाच दोष देतो. मात्र विंडोजचा परवाना लागेल, आणि मेमरी दोघांत वाटली जाईल. जुन्या संगणकावर ते जड जाईल, म्हणून प्रोग्रामच्या काळातलं हलकं विंडोज घ्या आणि त्याचं इंटरनेट बंदच ठेवा.

प्रश्न : उलट करायचं आहे. लिनक्सचे प्रोग्राम विंडोजवर चालवण्यासाठी मायक्रोसॉफ्टनेच दिलेली सोय वापरू, की व्हर्च्युअलबॉक्स?

उत्तर : मायक्रोसॉफ्टची, म्हणजे डब्ल्यूएसएल (विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स). २०१६ ची पहिली आवृत्ती वाइनसारखीच होती, लिनक्सच्या हाका विंडोजला समजावणारी. सगळ्या हाकांना उत्तरं देता येईनात आणि फाइलींचं काम मंदावे, म्हणून २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकातल्या संगणकात, खरा लिनक्स कर्नलच घातला. तुमच्या फाइली त्या लिनक्सच्या फोल्डरमध्ये ठेवा. सी ड्राइव्हवर ठेवून तिथून चालवल्यात, तर सगळं मंद वाटेल.