पाहुण्यांच्या गाडीने अपघात झाला. क्लेम टाकायचा की मिटवायचं?

"ज्याच्या गाडीनं लागलं तो आमच्या नात्यातलाच आहे, त्याच्यावर केस कशी घालायची?" कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतून येणाऱ्या अपघातग्रस्त कुटुंबांच्या तोंडी हा प्रश्न सर्रास असतो. वकील कुठला, खर्च किती, हे नंतर येतं. आधी पाहुणे आडवे येतात. अशाच एका कुटुंबाची ही हकिकत आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

करवीर तालुक्यातला अडतीस वर्षांचा गवंडी. संध्याकाळी काम आटोपून मोटारसायकलवरून फुलेवाडीमार्गे घरी निघाला होता. समोरच्या वाहनाला ओलांडणाऱ्या कारने त्याला उडवलं. उजव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली, ऑपरेशन करून रॉड घालावा लागला. कार चालवत होता त्याच्या सख्ख्या बहिणीचा दीर. त्यानेच त्याला दवाखान्यात नेलं, सुरुवातीचे पैसेही भरले आणि केसपेपर काढताना सांगितलं, "गाडीवरून घसरून पडलाय." घरच्यांनी माना डोलावल्या. दोन महिन्यांनी तो स्टॅम्पवर टाईप केलेला कागद घेऊन आला: साठ हजार रुपये मिळाले, यापुढे आमची कोणतीही तक्रार राहणार नाही.

गवंड्याची बायको तो कागद पिशवीत घालून माझ्याकडे आली होती. "सही करू का नको, तेवढंच सांगा मॅडम. नणंदेचा संसार हाय तिथं. आमी केस घातली तर तिला नांदवतील का?"

अशा वेळी कायदा लगेच सांगायला घेऊ नये, तो कानावरून जातो. तिच्या मनात तीन गोष्टी एकमेकींत अडकल्या होत्या. नणंदेला त्रास होईल ही भीती. पायाच्या बदल्यात पैसे मागणं बरं दिसत नाही ही लाज. आणि घरात बसून असलेला, दिवसेंदिवस गप्प होत चाललेला नवरा, जो म्हणत होता, "मिटवा एकदाचं." पुढच्या भेटीला त्यालाही बोलावलं. त्याचं दुखणं निराळं होतं. हाताखाली चार माणसं राबवणारा माणूस आता बायकोच्या मजुरीवर जेवत होता. मिटवा म्हणण्यामागे उदारपणा नव्हता, रोज त्याच विषयाला तोंड देण्याचा कंटाळा होता. असा निर्णय थकव्यातून होतो आणि तो पुढची वीस वर्षं भोगावा लागतो. म्हणून सहीचा विषय थोडे दिवस बाजूला ठेवायला सांगितलं.

मग पैसे कोण देतं ते समजावलं. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणारा विमा, सक्तीचा आहे, तो नेमका यासाठीच. दाव्यात मालक आणि चालकाचं नाव घालावं लागतं. पण विमा चालू असेल, चालकाकडे त्या गाडीचा वैध परवाना असेल आणि खासगी कार भाड्याने चालवली जात नसेल, तर भरपाईची रक्कम विमा कंपनी भरते. शारीरिक इजेच्या भरपाईला या विम्यात वरची मर्यादा नाही. मात्र यातली एखादी अट मोडलेली असेल तर न्यायालय पुष्कळदा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि नंतर मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतं. ही शक्यता नातेवाइकांपासून लपवायची नाही. म्हणून वाद घालण्याआधी गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकून विमा कोणत्या कंपनीचा आणि कधीपर्यंत आहे ते पाहायचं. अपघाताच्या तारखेला तो चालू असणं महत्त्वाचं. या कारचा विमा चालू होता, परवानाही होता.

म्हणजे जो साठ हजार खिशातून द्यायला निघाला होता, त्याला प्रत्यक्षात खिशात हात घालण्याची गरजच नव्हती. हे कळल्यावर त्या ताईंचा चेहरा जरा सैल झाला.

फौजदारी बाजू वेगळी चालते. फिर्याद झाली की पोलीस भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आणि गंभीर दुखापत असेल तर १२५(ब) लावतात. गुन्हा जामीनपात्र आहे. पाहुण्याला तुरुंगात टाकणं हा दाव्याचा हेतू नसतो, आणि त्या खटल्यात तो निर्दोष सुटला तरी भरपाईचा दावा त्यामुळे पडत नाही, कारण भरपाईच्या दाव्यात पुराव्याचा निकष सौम्य आहे.

खरी अडचण "घसरून पडला" या दोन शब्दांत होती. दवाखान्यात सुरुवातीला जे सांगितलं जातं ते केसपेपरवर आणि एमएलसी नोंदीत (पोलिसांपर्यंत जाणाऱ्या जखमींची दवाखान्यातली नोंद) उतरतं, आणि विमा कंपनीचा वकील आधी तेच पान उघडतो. दुसऱ्या वाहनाचा उल्लेखच नाही, मग आमच्या गाडीचा संबंध काय, असा त्याचा प्रश्न असतो. शिरोलीपासून राधानगरी रोडपर्यंत हा प्रकार पाहायला मिळतो: पोलीस नकोत म्हणून माणसं खोटं कारण सांगतात आणि दावा तिथेच लंगडा होतो. दवाखान्यात गाडीचा नंबर माहीत नसला तरी "कारने धडक दिली" एवढं लिहून घ्यायलाच हवं.

झालेलं कसं सुधारायचं? ताईंनी पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद दिली. उशीर का झाला हे त्यात सरळ लिहिलं: गाडी नातेवाइकाची होती, त्यानेच तसं सांगितलं, आम्ही ऑपरेशनच्या धावपळीत होतो. उशिरामुळे फिर्याद आपोआप खोटी ठरत नाही. कारण न देता केलेला उशीर मात्र संशय वाढवतो. धडक पाहिलेल्या टपरीवाल्याचा जबाब नोंदवायला सांगितला. कारचा बंपर बदलला होता, म्हणून गॅरेजच्या बिलाचा उल्लेख फिर्यादीत घातला. मोटारसायकल तशीच मोडलेली अंगणात होती, ती दुरुस्त न करता आरटीओच्या निरीक्षकाकडून तपासून घेतली. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर तीच फिर्याद स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, आणि पोचपावती जपून ठेवायची. दुकानांच्या सीसीटीव्हीचं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं. इथे ते गेलंच होतं. अपघात ताजा असेल तर त्याच आठवड्यात पोलिसांकडे चित्रण जप्त करण्याची लेखी मागणी करावी.

१ एप्रिल २०२२ पासून पोलिसांनाही वेळापत्रक आहे. पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत, आणि हा अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे (भरपाईचे दावे चालवणारं न्यायालय) व विमा कंपनीकडे गेला पाहिजे. प्रत्यक्षात पाठपुरावा केल्याशिवाय हे कागद हलतातच असं नाही, म्हणून तपास अंमलदाराला भेटून तारीख विचारत राहावं. १ एप्रिल २०२२ पासूनच दाव्याला अपघातानंतर सहा महिन्यांची मुदतही लागू झाली. या मुदतीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात वाद गेला आहे, पण त्या भरवशावर थांबू नये. सहा महिने हीच तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. स्टॅम्पपेपरची बोलणी लांबवत ही मुदत घालवणं, हा नातेवाइकांच्या प्रकरणातला मोठा धोका आहे. आणि तसा कागद सही झाला तर? न्यायालयात तो शेवटचा शब्द ठरेलच असं नाही, पण कंपनीच्या हातात आयतं हत्यार जातं.

आता साठ हजार कमी की जास्त, हे आकड्यांत पाहू, कारण पती-पत्नीचं मन इथे वळलं.

गवंड्याची कमाई महिना १५ हजार धरली तर वर्षाला १ लाख ८० हजार. चाळिशीच्या आतला, स्वतःचा व्यवसाय करणारा माणूस म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवले की २ लाख ५२ हजार. कमाईची क्षमता निम्मी गेली असं मानलं तर वर्षाचं नुकसान १ लाख २६ हजार. ३६ ते ४० वयोगटाला गुणक (वर्षाच्या नुकसानीला वयानुसार ज्या आकड्याने गुणतात तो) १५. गुणाकार १८ लाख ९० हजार. यात दवाखान्याचा खर्च, वेदना, कामाविना गेलेले महिने, पुढचे उपचार वेगळे मिळतात. दुखापतीच्या दाव्यात कमाईतून स्वतःच्या जगण्याच्या खर्चाची वजावट होत नाही, ती मृत्यूच्या दाव्यात होते. मंजूर रकमेवर साधारणपणे दावा दाखल झाल्यापासून व्याजही मिळतं.

हेच उत्पन्न सिद्ध झालं नाही आणि न्यायालयाने १० हजार धरले तर आकडा १२ लाख ६० हजारांवर येतो. नुसत्या कागदाअभावी ६ लाख ३० हजार कमी. गवंड्याला पगारपत्रक कुठून मिळणार? बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी, ठेकेदाराचं पत्र आणि वेळ आली तर त्याची साक्ष, मजुरीच्या हिशेबाची वही, फोनवरून खात्यात आलेले पैसे, पतपेढीचे हप्ते. या घरात नोंदणी होती, वहीही होती. त्यांना ते पुरावे वाटत नव्हते एवढंच.

अपंगत्वाचा टक्का हा दुसरा नाजूक भाग. दाखल्यावर ३० टक्के लिहिलेलं असेल तर कमाई ३० टक्केच गेली असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात शरीराचं अपंगत्व आणि कमाईवरचा परिणाम वेगळे मोजायला सांगितलं आहे. टेबलावर बसून हिशेब करणाऱ्याचा पाय आणि पाडावर चढून वीट रचणाऱ्याचा पाय, यांत फरक आहे. पण तो डॉक्टरांनी साक्षीत सांगावा लागतो: उकिडवं बसता येतं का, शिडी चढता येते का, घमेलं उचलून किती चालता येतं. नुसता दाखला जोडला आणि डॉक्टरांना तपासलंच नाही, तर कमाईचं नुकसान ३० टक्केच धरलं जाऊन वरचा १८ लाख ९० हजारांचा आकडा ११ लाख ३४ हजारांवर उतरतो. जखम भरून हाड जुळल्याशिवाय दाखल्याची घाईही करू नये.

दवाखान्याची मूळ बिलं मेडिक्लेमला दिली असतील तर त्यांच्या शिक्का मारलेल्या प्रती मागून घ्या. मेडिक्लेमची रक्कम अपघात भरपाईतून वजा करायची नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०२५ मध्ये दिला आहे.

वकिलाच्या फीची भीती ताईंना सगळ्यात जास्त होती. कुणीतरी सांगितलं होतं, "मिळालेल्यातले तीस टक्के घेतात." निकालावर टक्केवारीचा करार करणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. फी ठरवून घ्या, पावती मागा, कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका. वकील निवडताना अपघाताचे किती दावे चालवलेत आणि डॉक्टरांची साक्ष तुम्ही स्वतः घेणार का, हे विचारायला संकोचू नका. चांगला वकील याचं उत्तर आनंदाने देतो. दवाखान्याच्या दारात कार्ड देणाऱ्या मध्यस्थाकडे प्रकरण देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

या कुटुंबाला तर फी द्यावीच लागली नाही. कसबा बावड्यातील न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुका न्यायालयांत समित्या आहेत. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर. एक अर्ज, आधार, उत्पन्नाचा दाखला आणि फिर्यादीची प्रत पुरते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. नेमलेला वकील वेळ देत नसेल तर बदलून मागता येतो. आणि अपघात बेळगाव हद्दीत किंवा कराडजवळ झाला असला तरी राहता पत्ता कोल्हापूर जिल्ह्यातला असेल तर दावा इथे दाखल करता येतो.

कार कुणाची हेच कळलं नाही, ती पळून गेली, तर वाट निराळी: तहसील किंवा प्रांत कार्यालयात अर्ज, गंभीर दुखापतीला ५० हजार, मृत्यूला २ लाख.

राहिले पाहुणे. नोटीस घरी जाण्याआधी त्यांना सांगायचं ठरलं, आणि ते ताईंनी नव्हे, गवंड्याने सांगायचं. भाऊ या नात्याने तो बहिणीच्या सासऱ्यांशी बोलला. काय बोलायचं याची तयारी करून घेतली होती: दोष काढायचा नाही, "मामा, विम्याचा हप्ता तुम्ही भरताय तो यासाठीच. कागद कोर्टात तुमच्या नावानं येईल, पैसे कंपनी देणार. पॉलिसीची प्रत तेवढी द्या." दीर पहिल्यांदा भडकला. स्टॅम्पचा विषय सोडायला त्याला महिना लागला. सासऱ्यांनी मात्र आठवड्यात पॉलिसीची प्रत पाठवली. नणंदेला काही दिवस टोमणे ऐकावे लागले, हे खरं आहे. त्या काळात ताई तिला रोज फोन करत होत्या.

दावा पाचव्या महिन्यात दाखल झाला. साक्षी झाल्यावर लोकअदालतीत कंपनीने सात लाख देऊ केले. वकिलांनी वरचा हिशेब टेबलावर मांडला, डॉक्टरांची साक्ष दाखवली. बोलणी साडेबारा लाखांवर आली. निकालापर्यंत लढले असते तर कदाचित जास्त मिळाले असते, पण केसपेपरवरची ती नोंद शेवटपर्यंत अंगावर राहिली असती, आणि गवंड्याला सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्याने देण्याचा धंदा सुरू करायचा होता. त्यांनी होकार दिला. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, न्यायाधिकरणाच्या निकालावर ९० दिवसांत उच्च न्यायालयात करता येतं आणि ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी कोल्हापुरातच सर्किट बेंच आहे. म्हणून तडजोडीवर सही करण्याआधी दोन गोष्टी वाचून घ्यायला सांगितल्या: रकमेत व्याज धरलंय का, आणि रॉड काढण्याच्या ऑपरेशनचा खर्च धरलाय का. दुसरा धरलेला नव्हता. तो वाढवून घेतला, रक्कम थेट गवंड्याच्या खात्यात जमा होईल असं लिहून घेतलं, मग सही झाली.