नावावर केली, ठेवली की लावली?

कोल्हापूरच्या एका वाचकांनी विचारले आहे: सावकाराची जप्ती येईल म्हणून आजोबांनी करवीर तालुक्यातली जमीन धाकट्या भावाला खूषखरेदीने, म्हणजे कायमच्या विक्रीच्या दस्ताने, लिहून दिली. पैशाची देवघेव झाली नाही. आता चुलत भाऊ म्हणतात, जमीन आमची. या कागदाला घरात कोणी बनावट म्हणते, कोणी बेनामी, वकील म्हणतात नामधारी. तिन्हींचा अर्थ एकच का? दाव्यात कोणता शब्द घालावा?

अर्थ एक नाही. तिन्ही शब्दांत आरोप वेगळा आणि पुरावाही वेगळा.

'बनावट' म्हणजे कागदच खोटा: सही दुसऱ्याची, अंगठा दुसऱ्याचा किंवा आजोबा म्हणून भलताच माणूस उभा केलेला. इथे आजोबा स्वतः दुय्यम निबंधकांसमोर गेले होते. म्हणजे कागद खरा, व्यवहार खोटा. दाव्यात 'बनावट' लिहिले तर अंगठा नाकारल्यासारखे होते, आणि ठसा जुळला की दाव्यातला जीव जातो.

'बेनामी' हा त्याहून धोक्याचा शब्द. फारसी 'बे' म्हणजे विना. पण या कागदावर नाव असतेच, नसते ते पैसे मोजणाऱ्याचे. विक्री खरी, पैसे एकाचे, नाव दुसऱ्याचे, तो बेनामी व्यवहार. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली मीनाक्षी मिल्सच्या निकालात हा फरक स्पष्ट केला. खऱ्या बेनामीत विकणाऱ्याची मालकी जाते आणि प्रश्न उरतो पैसे कोणी दिले हा. दिखाऊ कागदात मालकी हलतच नाही आणि प्रश्न असतो पैसे मुळात दिले गेले का, हा. दुसऱ्या प्रकारालाही सैलपणे बेनामी म्हणतात, तसे म्हणणे नेमके नाही, असेही त्यात म्हटले आहे. आज तर हा सैलपणा महागात पडतो. १९८८ च्या बेनामी कायद्याच्या कलम ४ प्रमाणे, मालमत्ता बेनामी आहे असे म्हणून खऱ्या मालकाला ती परत मागण्याचा दावाच करता येत नाही. आपल्याच हाताने दार लावून घेतल्यासारखे होते.

म्हणून वकिलांचा 'नामधारी' बरोबर: कागद फक्त दाखवायला, मालकी आजोबांचीच. त्याच्या जोडीला 'पोकळ' येतो, आणि तो मला जास्त आवडतो: बाहेरून दस्ताचे सगळे कवच, आत काही नाही. मात्र 'नाममात्र' लिहू नका. नाममात्र किमतीची विक्री ही स्वस्तातली, पण खरी विक्री.

आणखी एक शब्द आहे, 'फसवा'. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५३ मध्ये घेणेकऱ्याला चकवण्यासाठी किंवा लांबणीवर टाकण्यासाठी केलेले हस्तांतर येते. ते खरेच झालेले असते, पण घेणेकऱ्याच्या इच्छेने रद्द होऊ शकते. ही तक्रार सावकाराची. नातवाने ती आपली म्हणून मांडू नये.

खरी गंमत बोलीतल्या क्रियापदांत आहे. 'भावाच्या नावावर केली' म्हणजे दिली. 'ठेवली' म्हणजे ठेव, परत घ्यायची. 'लावली' म्हणजे सातबाऱ्यावर फक्त नोंद; फेरफाराने मालकी मिळत नाही. कोल्हापूरकडची म्हातारी माणसे ही तिन्ही क्रियापदे अचूक वापरतात. उलटतपासात आजी "ठेवली व्हती" म्हणाल्या आणि जबाबात 'करून दिली' उतरले, तर साक्ष उलटी फिरते. जबाब वाचून दाखवताना तेवढे क्रियापद कान देऊन ऐका.

पोकळपणा दाखवायचा तो कागदाबाहेरच्या गोष्टींनी. लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा सहसा चालत नाही, पण दस्त अमलात आणायचाच नव्हता एवढे दाखवायला चालतो. खरेदीपत्रातले 'रक्कम पूर्वीच रोख भरून पावलो' हे वाक्य बघा. निबंधकांसमोर एक रुपयाही मोजलेला नसेल तर त्या 'पूर्वीच'वर बोट ठेवा. दस्ताची तारीख दरखास्तीच्या (निकालाप्रमाणे वसुलीसाठी सावकाराने कोर्टात केलेल्या अर्जाच्या) किंवा जप्तीच्या नोटिशीशेजारी ठेवा. त्यानंतर कारखान्याला ऊस कोणाच्या नावाने गेला, बिल कोणाच्या खात्यावर आले, सोसायटीचे पीककर्ज कोणी काढले, पाणीपट्टी आणि शेतसारा कोणी भरला, मूळ दस्त कोणाच्या ट्रंकेत आहे, हे जमवा. सगळे आजोबांकडेच राहिले असेल तर 'पोकळ' शब्दाला वजन येते. ऊसबिल पहिल्या हंगामापासून धाकट्या भावाच्या खात्यावर गेले असेल, तर हा शब्द टिकणे अवघड.

आता अवघड जागा. 'देणे चुकवण्यासाठी कागद केला' हे दाव्यात लिहिणे म्हणजे आजोबांचा लबाडीचा हेतू कबूल करणे. सावकार खरोखर बुडाला असेल, तर दोन्ही भाऊ सारखेच दोषी ठरतात. मग न्यायालय मदतीचा हात आखडते आणि जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडेच राहते. सावकाराचे पैसे पुढे फिटले असतील तर डाव तडीस गेला नाही असे म्हणता येते आणि वाट मोकळी होते. तेव्हा शब्द ठरवण्याआधी कर्ज फिटल्याची पावती किंवा दरखास्त निकाली निघाल्याचा हुकूम शोधा. तो सापडला तर 'नामधारी व पोकळ दस्त' असे लिहून त्याच परिच्छेदात कर्ज कोणत्या तारखेला फिटले तेही लिहा.