‘घरीच तर असतेस ना?’ : एकच तास दोघांना दिला की काय होतं

प्रश्न असा होता: “मी घरून व्हर्च्युअल असिस्टंटचं काम करते. काम चांगलं मिळतंय. पण मुलांवर सारखी ओरडते. सासूबाई म्हणतात, दिवसभर मोबाइलमध्येच असतेस. नवरा म्हणतो, एवढा त्रास होत असेल तर बंद कर. मुलगा मोठा होईपर्यंत काम थांबवू का?”

थोड्याफार फरकाने हा प्रश्न आमच्याकडे सल्ल्यासाठी वारंवार येतो. ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत, दोन-तीन प्रकरणं एकत्र केली आहेत.

बाई तेहेतीस वर्षांच्या, राहायला पिंपरी-चिंचवडमध्ये. नवरा चाकणच्या कारखान्यात, तीन पाळ्यांमध्ये. मुलगी दुसरीत, मुलगा अडीच वर्षांचा, सासूबाई सोबत. व्हर्च्युअल असिस्टंट म्हणजे क्लायंटची ऑफिसची कामं घरून, ऑनलाइन करून देणारी. क्लायंट तीन. पुण्यातल्या एक आहारतज्ज्ञ: पेशंटच्या वेळा ठरवणं, व्हॉट्सॲपवर उत्तरं देणं, फीची आठवण करणं. लंडनमधले एक करिअर कोच: ईमेल आणि कॅलेंडर सांभाळणं. न्यू जर्सीतले एक मराठी रिअल इस्टेट एजंट: घरांच्या याद्या, ग्राहकांना फॉलो-अप आणि सोमवार ते शुक्रवार रोज अर्ध्या तासाचा कॉल. सगळं मिळून महिन्याला ४६ हजार.

काम थांबवायचं की नाही, हे पहिल्या भेटीत ठरवू नये. दमलेल्या माणसाला ‘बंद कर’ हेच उत्तर बरोबर वाटतं आणि सहा महिन्यांनी त्याचाच पश्चात्ताप होतो. म्हणून आधी एका आठवड्याची नोंद करायला सांगितली. वहीच्या पानावर पंधरा-पंधरा मिनिटांचे चौकोन. पैसे मिळणारं काम असेल तर ‘क’. धंद्याचंच पण बिनपैशाचं काम, म्हणजे बिलं, दर कळवणं, नवीन चौकश्या, असेल तर ‘ध’. घर आणि मुलं असतील तर ‘घ’. दोन गोष्टी एकदम चालू असतील तर एकाच चौकोनात दोन अक्षरं. आणि जिथे मुलांवर ओरडलं किंवा रडू आलं, तिथे ठिपका. नोंद दर दोन-तीन तासांनी भरायची. रात्री आठवून भरली तर दिवसातलं वाईट तेवढंच कागदावर उतरतं.

त्यांचा अंदाज होता की आपण रोज आठ-नऊ तास काम करतो. वहीत आठवड्याला ‘क’ साडेएकोणीस तास निघाले आणि ‘ध’ सात तास. त्यातले अकरा तास दोन अक्षरांचे होते: एका हाताने वरणभात भरवायचा, दुसऱ्या हाताने पेशंटला सोमवारची वेळ द्यायची. ठिपके नऊ, त्यातले आठ याच चौकोनांत. ‘मी वाईट आई आहे’ असं ज्याला त्या म्हणत होत्या, ते नुसतं काम चालू असताना जवळजवळ घडतच नव्हतं. नुसतं मुलांसोबत असतानाही नाही. एकच तास क्लायंटलाही दिला आणि मुलालाही, की घडत होतं.

मग हे दोन अक्षरी तास येतात कुठून ते पाहिलं. बहुतेक आहारतज्ज्ञांच्या व्हॉट्सॲपवरून. ‘जे लागेल ते’ अशा बोलीवर महिन्याला ८ हजार ठरले होते, प्रत्यक्षात ३४ तास जात होते. म्हणजे तासाला २३५ रुपये. लंडनचे २० तास ७०० रुपयांनी, न्यू जर्सीचे ३० तास ८०० रुपयांनी. एकूण ८४ तासांपैकी ४० टक्के वेळ खाणारा क्लायंट १७ टक्के पैसे देत होता आणि त्याच्याच कामाला ना सुरुवातीची वेळ होती, ना शेवटाची. बरं, या आहारतज्ज्ञ मावशीच्या ओळखीतल्या, पहिलं काम देणाऱ्या. ओळखीत तास मोजायला आपल्याकडे संकोच वाटतो आणि नेमका तिथेच हिशेब गळतो.

दुसरी गोष्ट त्यांच्या लक्षातच आली नव्हती. घरातली भांडणं वाढली ती साधारण दिवाळीनंतर, असं त्या म्हणाल्या. न्यू जर्सीचा कॉल तिथल्या सकाळी ९ ला. उन्हाळ्यात म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा, मुलं खाली खेळत असायची. अमेरिकेतली घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात, त्यामुळे तोच कॉल साडेसातला आला. साडेसातला मुलीचा गृहपाठ, मुलगा पेंगुळलेला, कुकर गॅसवर. सासूबाई बदलल्या नव्हत्या, मुलगा हट्टी झाला नव्हता. कॉल तासभर पुढे सरकला होता. यावर उपाय एका ओळीचा: कॉलची वेळ भारतीय घड्याळाने ठरवायची. हिवाळ्यात त्यांच्या सकाळी ८ ला, म्हणजे आपल्याकडे साडेसहालाच. एजंटनी ते लगेच मान्य केलं, शिवाय पाचऐवजी आठवड्याला तीन कॉल पुरतील असंही ठरलं. उरलेल्या दोन दिवशी सहा ओळींचा लेखी अहवाल.

यानंतरचं काम म्हणजे विकता येण्याजोगे तास मोजणं. घरून काम करणाऱ्या बहुतेक जणी इथेच चुकतात: आधी काम घेतात, मग वेळ शोधतात. नवऱ्याच्या पाळ्या दर आठवड्याला फिरतात. फर्स्ट शिफ्टला तो संध्याकाळी घरी, सेकंडला सकाळी घरी, थर्डला दिवसा झोपलेला, आणि मग घरात मोठ्याने बोलायचीही चोरी. हिशेब यातल्या सर्वांत अडचणीच्या आठवड्यावर करायचा. मुलाला साडेनऊ ते साडेबारा पाळणाघरात ठेवायचं ठरलं, ते आठवड्याचे १५ तास. दुपारची झोप दीड तास, पाच दिवसांचे साडेसात. संध्याकाळी तीन दिवस पाऊण-पाऊण तास. बेरीज पावणेपंचवीस. त्यातला चौथा हिस्सा आधीच सोडून द्यायचा: ताप, पालकसभा, महावितरणची देखभालीची वीजबंदी, पाहुणे. उरले साडेअठरा. त्यातून ‘ध’साठी चार. म्हणजे विकायला आठवड्याला साडेचौदा, महिन्याला ६३ तास. विकले होते ८४. वरचे २१ तास मुलांच्या आणि झोपेच्या खात्यातून जात होते.

सासूबाईंना एका भेटीला बोलावलं. सून काम करते याबद्दल त्यांची तक्रार नव्हतीच. “मला विचारतं कोण? लॅपटॉप उघडला की पोरगं माझ्याकडे ढकलायचं. माझे गुडघे दुखतात, तो पळतो,” असं त्या म्हणाल्या. ‘मोबाइलमध्येच असतेस’ याचा खरा अर्थ ‘मला गृहीत धरलंय’ असा होता. ठरलं ते इतकंच: सोमवार, बुधवार, शुक्रवार साडेसहा ते सव्वासात नातवाला त्या सांभाळणार, खाली बागेत नाही, घरातच. रविवारी अजिबात नाही. बाकीच्या वेळी हवं असेल तर आदल्या दिवशी विचारायचं. नवऱ्याचा शिफ्टचा तक्ता आणि कॉलच्या वेळा एकाच कागदावर फ्रिजला लावल्या. घरातल्यांना कॉल दिसत नाही, स्क्रीनकडे बघणारी बाई दिसते. म्हणून बेडरूमच्या दाराला लाल कापडी पट्टी: ती असेपर्यंत हाक मारायची नाही. पट्टी फक्त कॉलपुरती. दिवसभर लावून ठेवली तर आठवड्यात तिला कोणी जुमानणार नाही.

आहारतज्ज्ञांशी बोलणं सगळ्यांत अवघड गेलं. आम्ही ते भेटीत दोनदा बोलून पाहिलं. ‘मला जमत नाहीये’, ‘मुलं लहान आहेत’ अशी सुरुवात नको. त्याने समोरचा माणूस सल्ला देऊ लागतो किंवा दुसरी मुलगी शोधतो. शेवटी गेलेला मेसेज असा: “ताई, १ तारखेपासून मी पेशंटचे मेसेज सकाळी ११ आणि दुपारी २ वाजता पाहीन. वेळ घेण्यासाठी गुगल फॉर्म बनवला आहे, त्यामुळे पेशंटना थांबावं लागणार नाही. ८ हजारांत महिन्याचे १८ तास. त्यापुढे लागले तर आधी कळवीन, तासाला ४५० रुपये. महिनाभर करून पाहू आणि मग बोलू.” ताईंना फॉर्म आवडला, दोन वेळांचं बंधन आवडलं नाही. रात्री नऊचे मेसेज पूर्ण थांबले नाहीत. मात्र कामाचं सिम वेगळं केल्यामुळे आणि व्हॉट्सॲप बिझनेसवर कामाच्या वेळेबाहेर आपोआप जाणारं उत्तर लावल्यामुळे ते सकाळी अकरापर्यंत वाचले जात नाहीत.

अडीच वर्षांच्या मुलाला ‘पाच मिनिटं थांब’ कळत नाही. त्याला क्रम कळतो: आधी हे, मग ते. म्हणून संध्याकाळच्या कॉलआधी दहा मिनिटं मोबाइल दूर ठेवून फक्त त्याच्याशी खेळायचं, मग ‘आता आई कामाला, मग आपण गोष्ट वाचू’ एवढं सांगून उठायचं, आणि कॉल संपल्यावर गोष्ट खरंच वाचायची. एकदा चुकवली की दुसऱ्या दिवशी मूल दाराशी ठाण मांडतं. दुपारच्या झोपेवर मात्र फार दिवस विसंबू नये. तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलांची ती सुटते आणि आठवड्याचे साडेसात तास एकदम नाहीसे होतात. पाळणाघराची वेळ तेव्हा वाढवायची की एक क्लायंट कमी करायचा, हे आत्ताच बोलून ठेवलेलं बरं.

मूल आजारी पडण्याच्या दिवसासाठी तयारी वेगळी. हेच काम करणाऱ्या एका मैत्रिणीशी महिन्याला पाच तासांची अदलाबदल ठरली, क्लायंटची लेखी संमती घेऊन. प्रत्येक क्लायंटच्या नेहमीच्या कामांची एक-एक पानाची यादी लिहिली: काय, कुठे, किती वाजता, अडलं तर कोणाला विचारायचं. पासवर्ड चिठ्ठीवर किंवा मेसेजमध्ये द्यायचे नाहीत, पासवर्ड सुरक्षित साठवणाऱ्या ‘पासवर्ड मॅनेजर’ ॲपमधून तेवढ्यापुरता प्रवेश द्यायचा आणि नंतर काढून घ्यायचा.

आता पैशांचं. नवा हिशेब असा: न्यू जर्सी २५ तास, २० हजार. लंडन २० तास, १४ हजार. आहारतज्ज्ञ ८ हजार. एकूण ४२ हजार. चार हजार कमी, वर पाळणाघराचे साडेचार हजार. हातात साडेआठ हजार कमी येणार, आणि नवऱ्याने हे लगेच बोलून दाखवलं. त्याचं चूक नव्हतं. वहीतला दुसरा आकडा त्याच्यासमोर ठेवला: तासाला सरासरी ५४८ रुपये मिळत होते, ते ६६७ झाले. ही तूट कायमची धरायची नाही. लंडनच्या क्लायंटला महिनाभर आधी लेखी कळवून १ एप्रिलपासून ८५० रुपये दर मागायचा, त्यातून ३ हजार भरून येतात. बाकीच्या साडेपाच हजारांसाठी, पाळणाघर सहा महिने चालवून मग हिशेब पुन्हा बघू, एवढ्यावर तो राजी झाला. वर्षाची उलाढाल पाच लाखांच्या आसपास, सेवांसाठीच्या जीएसटी नोंदणीची २० लाखांची मर्यादा बरीच दूर. तरी प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायचं, परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचा बँकेचा कागद महिन्यानुसार ठेवायचा आणि धंद्याचं खातं वेगळं करायचं. घरखर्चाच्या खात्यात मिसळलेला पैसा ‘तुझा थोडाच आहे’ या वादाला आयतं निमित्त देतो.

एक सावधगिरी. वेळापत्रक सुधारूनही दोन आठवड्यांहून अधिक झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, रोज रडू येत असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर तो वेळेच्या नियोजनाचा प्रश्न राहिलेला नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येतं. या बाईंना त्याची गरज पडली नाही. जानेवारीच्या नोंदवहीत दोन अक्षरी तास अकरावरून तीनवर आले, ठिपके दोन.

पुढच्या दोन तारखा त्यांनी आत्ताच कॅलेंडरवर घातल्या आहेत. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं पुढे जातात, लंडनची शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत एक क्लायंट सरकलेला असतो आणि दुसरा जागेवर, त्यामुळे दोघांच्या वेळा पुन्हा लिहून पाठवायच्या. आणि मे महिना. मुलीची शाळा बंद, पाळणाघरालाही पंधरा दिवस सुट्टी. क्लायंटना हे मार्चमध्येच कळवायचं: मेमध्ये ६३ ऐवजी ४० तास, बिलही तेवढंच.