मोटरहोमचा फ्रीज आणि न दाखवलेलं व्याज

वाचकाचं पत्र, थोडं आखडून: "मी ६४ वर्षांचा, निवृत्त. पत्नी ६१, नोकरी करते. तीस वर्षांहून जास्त काळ न्यू जर्सीत आहोत, दोघंही अमेरिकी नागरिक. चार वर्षांपूर्वी रोख पैसे देऊन वापरलेलं मोटरहोम (चाकांवरचं घर) घेतलं. वर्षातले दोन-तीन महिने फिरतो, मुक्काम बहुतेक वीज-पाण्याची जोडणी मिळणाऱ्या आरव्ही पार्कमध्ये. त्यातला गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा फ्रीज थंड होईनासा झालाय. तसाच नवा बसवायचे दुकानदार ४,८०० डॉलर सांगतो. घरगुती फ्रीज १,४०० ला मिळतो, म्हणजे ३,४०० वाचतात. तो बसवावा का? आणि पैसे कुठून काढावेत? पुण्यात एनआरई ठेवींमध्ये (परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीच्या रुपयातल्या ठेवी) १ कोटी १० लाख आहेत, ७ टक्क्यांनी. बँकेतला आमचा रिलेशनशिप मॅनेजर म्हणतो, करमुक्त व्याजाची ठेव मोडू नका, तिकडेच कर्ज काढा. म्हणून घरावर साडेआठ टक्क्यांनी कर्ज घ्यायचा विचार आहे. २०२२ मध्ये त्यानेच वर्षाला अडीच लाख हप्त्याची युलिप (गुंतवणूक जोडलेली विमा पॉलिसी) दिली, चार हप्ते भरले. हे सगळं दोन्हीकडे करमुक्त असल्याने इथल्या रिटर्नमध्ये दाखवत नाही. रिटर्न मी स्वतःच सॉफ्टवेअरवर भरतो. मित्राने शंका काढली तेव्हा मॅनेजर म्हणाला, फारच वाटत असेल तर ठेवी भावाच्या नावावर करून टाकू."

फ्रीजचं आधी उरकतो, कारण तुमच्या पत्रात त्याहून फार मोठं काही आहे.

तुमचा फ्रीज अमोनियावर चालतो. त्यात कॉम्प्रेसर नसतो. गॅसची ज्योत किंवा विजेची कॉइल मागची नळी तापवते आणि त्या उष्णतेवर थंडावा तयार होतो. म्हणून गाडी सपाट उभी असावी लागते, आणि नळ्या गंजून फुटल्या की आगीचा धोका असतो. या प्रकारच्या फ्रीजचे अमेरिकेत त्याच कारणाने मोठे रिकॉल झालेले आहेत. तेव्हा सगळ्यात आधी मागचं झाकण उघडून बघा. पिवळी पूड साचलेली दिसली किंवा अमोनियाचा वास आला, तर कूलिंग युनिट गेलं. गॅस बंद करा आणि फ्रीज पुन्हा लावू नका. तसं काही नसेल तर कॉइल किंवा कंट्रोल बोर्ड गेला असण्याची शक्यता आहे, आणि ते काम दोन-तीनशे डॉलरमध्ये होतं. ४,८०० चा आकडा सांगण्याआधी दुकानदाराने हे तपासलं का, ते विचारा.

घरगुती फ्रीजचा तुमचा हिशेब अर्धा आहे. गाडी चालू असताना तो चालवायला चांगल्या प्रतीचा, प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर लागतो: सातशे. चार नव्या बॅटऱ्या: हजार. कपाट कापणं, गॅसची लाइन कायमची बंद करणं, जुने व्हेंट बुजवणं, दारांना प्रवासात उघडू नयेत असे अडसर आणि मजुरी: बाराशे. बेरीज ४,३००. वाचले पाचशे, तेही फ्रीज गाडीच्या दारातून आत गेला तर. मोटरहोमचं दार साधारण २६ इंची असतं; मोठा फ्रीज आत घ्यायला अनेकांना खिडकी, कधी पुढची काच काढावी लागते. शिवाय घरगुती फ्रीजची वॉरंटी गाडीत बसवल्यावर बहुधा लागू होत नाही. खरेदीआधी ते कलम वाचा. विजेचं म्हणाल तर असा फ्रीज दिवसाला दीड युनिट खातो, म्हणजे इन्व्हर्टरची गळती धरून १२ व्होल्टच्या बॅटरीतून दीडशे ॲम्पिअर-तास. चार बॅटऱ्यांतून वापरण्याजोगे सव्वादोनशे मिळतात. जोडणीवर राहणाऱ्यांना हे पुरतं. ॲरिझोनाच्या वाळवंटात आठवडाभर जोडणीशिवाय राहायचं असेल तर सोलरचा खर्च आणखी वाढेल.

माझी पसंती तिसऱ्या पर्यायाला आहे, जो तुमच्या दुकानदाराने सांगितलेला नाही. फ्रीजचं खोकं तेच ठेवून फक्त मागचं कूलिंग युनिट बदलता येतं. इंडियाना राज्यातले आमिश पंथाचे कारागीर अशी युनिट बनवतात, आणि अमोनियाऐवजी १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसरवर चालणारंही मिळतं. मजुरीसकट अडीच ते तीन हजारांत काम व्हावं. कपाट कापायला नको, काच काढायला नको, कॉम्प्रेसरचं घेतलं तर ज्योतही गेली. हे पैसे इथल्या बचत खात्यातून द्या. तीन हजार डॉलरसाठी घर तारण ठेवायचं काहीच कारण नाही.

आता करमुक्तीबद्दल. एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त आहे, हे खरं. पण अमेरिका आपल्या नागरिकाच्या जगभरातल्या उत्पन्नावर कर लावते, आणि भारताची सूट तिथे चालत नाही. तुमच्या मॅनेजरला भारताचा कायदा माहीत असेल. अमेरिकेच्या कायद्याबद्दल त्याला काहीच माहीत नाही, आणि माहीत नसलेल्या गोष्टीवर त्याने तुम्हाला ठाम उत्तर दिलं. याचा मला मनापासून राग येतो, कारण त्याची किंमत तो भरणार नाही, तुम्ही भरणार आहात.

रुपया हिशेबापुरता ८५ ला धरू. १ कोटी १० लाख म्हणजे १ लाख ३० हजार डॉलर. ७ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ९,००० डॉलर. पत्नीचा पगार धरून तुम्ही २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल, वर न्यू जर्सीचा कर. एकूण अडीच हजार डॉलर कर दरवर्षी बुडतोय.

कर ही यातली लहान रक्कम आहे. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार नावाचा वेगळा अहवाल द्यावा लागतो. कर शून्य असला तरी द्यावा लागतो. वर्षअखेरीस तुमची रक्कम १ लाख डॉलरच्या वर आहे, म्हणून दोघांच्या रिटर्नला परदेशी मालमत्तेचा फॉर्म ८९३८ सुद्धा लागतो. आणि रिटर्नमधल्या शेड्यूल बी या व्याजाच्या तक्त्याच्या तिसऱ्या भागात परदेशात खातं आहे का, असा सरळ प्रश्न असतो. सॉफ्टवेअर तो विचारतं. तुम्ही तिथे दरवर्षी 'नाही' असं उत्तर दिलं असणार.

एफबार न भरल्याचा दंड, चूक अजाणता झाली असली तरी, प्रत्येक वर्षाच्या अहवालामागे १०,००० डॉलरपर्यंत असा कायद्यात आहे. महागाईप्रमाणे वाढून तो आता त्याहून बराच वर गेला आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा दंड दर खात्यामागे नव्हे तर दर अहवालामागे मोजायचा, असा निकाल दिला, एवढाच दिलासा. सहा वर्षं धरली तरी साठ हजारांच्या वर. जाणूनबुजून लपवल्याचं ठरलं तर १ लाख डॉलर (हाही आकडा वाढलेला आहे) किंवा खात्यातली निम्मी रक्कम, यातलं जे जास्त ते.

कोणाला कळणार, असं वाटत असेल तर तो भ्रम सोडा. भारत आणि अमेरिकेने जुलै २०१५ मध्ये फॅटका करारावर, म्हणजे खात्यांची माहिती कळवण्याच्या करारावर, सह्या केल्या. तुमच्याकडून घोषणापत्र भरून घेणारी पुण्यातली बँक अमेरिकी नागरिकांच्या खात्यांची माहिती भारत सरकारमार्फत आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याला, पाठवते.

यातून बाहेर यायचा सरळ रस्ता आहे. चूक अजाणता झालेल्या, अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आयआरएसची 'स्ट्रीमलाइन्ड' योजना आहे. तीन वर्षांची रिटर्न दुरुस्त करायची, सहा वर्षांचे एफबार भरायचे, तीन वर्षांचा बुडालेला कर व्याजासकट द्यायचा, आणि वर्षअखेरीच्या सगळ्यात मोठ्या एकूण शिल्लकेवर ५ टक्के दंड. तुमच्या बाबतीत कर साडेसात हजार. युलिप धरून १ लाख ४० हजारांवर दंड सात हजार. व्याज आणि तज्ज्ञांची फी पाच हजार. वीस हजार डॉलर बाजूला काढा. न्यू जर्सीची रिटर्न वेगळी दुरुस्त करावी लागतील. रक्कम मोठी आहे, पण एकदाची आहे आणि मोजता येते. आयआरएसने तुमची तपासणी सुरू केली की मात्र ही योजना मिळत नाही, म्हणून उशीर करू नका.

या योजनेत चूक कशी झाली ते स्वतःच्या शब्दांत लिहून शपथेवर सही करावी लागते. म्हणून आधी परदेशी खात्यांची प्रकरणं हाताळणारा कर-वकील गाठा, आणि सीएला वकिलामार्फत कामाला लावा. वकिलाशी झालेलं बोलणं कायद्याने गोपनीय राहतं; सीएकडे तेवढं संरक्षण नसतं. मॅनेजरचे ईमेल, व्हॉट्सॲप, ठेवींच्या पावत्या, काहीही डिलीट करू नका. त्याने 'करमुक्त' असं लेखी कळवलं असेल तर तुम्ही अजाणता होता हे सांगायला तेच उपयोगी पडेल.

ठेवी भावाच्या नावावर करायचं तर मनातही आणू नका. आज तुमची चूक अजाणता आहे. शंका आल्यावर पैसे दुसऱ्याच्या नावावर फिरवले, तर तीच चूक लपवाछपवी ठरते, आणि भाऊही त्यात अडकतो. मागचं सोडून यंदापासून गुपचूप बरोबर भरायचं, हाही अनेकांना सुचणारा मार्ग टाळा. त्याने जुनी वर्षं उघडीच राहतात. आणि हे उत्तर वाचल्यानंतर पुढच्या एप्रिलमध्ये तुम्ही पुन्हा 'नाही' म्हणालात, तर ते अजाणता म्हणता येणार नाही.

त्या ७ टक्क्यांचंही बघू. २०१४ मध्ये डॉलर साधारण ६१ रुपयांना होता, २०२४ मध्ये ८४ ला. म्हणजे रुपया वर्षाला सव्वातीन टक्क्यांनी घसरला. सातातून ते वजा करा, अमेरिकी कराचे दोन टक्के वजा करा. डॉलरमध्ये हाती पावणेदोन टक्के उरतात. अमेरिकी ट्रेझरी बिलावर (सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यावर) चार टक्के धरले तर फेडरल कर जाऊन तीन उरतात, आणि राज्याचा कर त्यावर नाही. पावणेदोन टक्क्यांची ठेव वाचवायला साडेआठ टक्क्यांचं कर्ज काढा, असा सल्ला तुम्हाला दिला गेला. म्हातारपणी पुण्यात परत राहायला जायचं पक्कं असेल तर तिथल्या खर्चापुरती रक्कम रुपयात ठेवणं रास्त आहे. तसं पत्रात कुठे दिसत नाही. म्हणून जी ठेव आधी पिकेल ती नूतनीकरण न करता डॉलरमध्ये आणा आणि कर-दंड त्यातून भरा. एनआरईतले पैसे बाहेर न्यायला रिझर्व्ह बँकेची आडकाठी नाही. वर्ष न झालेली ठेव मोडू नका, तिच्यावर काहीच व्याज मिळत नाही.

युलिपचा हप्ता नेमका अडीच लाखच का, हे तुम्ही विचारलं होतं का? १ फेब्रुवारी २०२१ नंतर घेतलेल्या युलिपवर वर्षाला अडीच लाखांपेक्षा जास्त हप्ता असला तर भारतात तिची करमुक्ती जाते. त्या रेषेवर बेतून ती विकली गेली. अमेरिकेला ती रेषा ठाऊकच नाही. तिथे ही पॉलिसी विमा मानायची की परदेशी फंड, हे वकिलाला ठरवावं लागेल. परदेशी फंड ठरली तर दरवर्षीचा फॉर्म ८६२१ आणि त्याचे जाचक कर मागे लागतात. शिवाय साठी ओलांडलेल्या माणसाच्या पैशातून विम्याचा खर्च दरवर्षी वाढत्या दराने कापला जातो, आणि मुलं मोठी झालेल्या माणसाला त्या विम्याचा उपयोग काय, हे मला अजून कोणी विकणाऱ्याने पटवून दिलेलं नाही. पाच वर्षांचा लॉक-इन, म्हणजे पैसे काढता न येण्याचा काळ, २०२७ मध्ये संपतो. पाचवा हप्ता वकिलाशी बोलल्याशिवाय भरू नका. आता हप्ता थांबवला तर पैसे लॉक-इन संपेपर्यंत वेगळ्या फंडात अडकतात, पण आणखी अडीच लाख तरी त्यात जात नाहीत. थांबवल्यास किती शुल्क कापलं जाईल, हे विमा कंपनीकडून थेट लेखी मागवा, मॅनेजरमार्फत नको.